विषय: चौदावा मजला

मंगळवारी पाठवायचं, सकाळी दहाच्या आत.
सोमवारी ती कोणाचंच वाचत नाही
आणि शुक्रवारी बातम्यासुद्धा लवकर घरी जातात.
हे मला आधीच्या माणसानं सांगितलं,
जाता जाता, खोक्यात कप आणि निवडुंग भरताना.

लोरेट वुझिक.
कचेऱ्या, गाळे, गोदामं, भाडेकरार.
पान सात, डावा रकाना.
अख्ख्या मिल्वॉकीत ही एकच बाई,
इमारतीचं वय सांगावं तर कर्ज किती ते विचारते.

तीन वर्षं मी तिला लिहितोय.
नदीकाठची सोळा मजली इमारत, नव्यानं नटलेली,
लॉबीत इटलीचा दगड,
गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या.
(माश्या ऑगस्टमध्येच उडून गेल्या. ते नाही लिहिलं.)
'एकमेव', 'अभूतपूर्व', 'शहराचा नवा चेहरा' –
विशेषणं मी घालत गेलो
उसने दागिने घालावेत तशी,
परत करायचेत हे विसरून.

तिची उत्तरं आली ती एवढीच:
'भरलेली किती?'
एकदा, 'हे मार्चमध्येही पाठवलं होतंस.'
आणि एकदा, चुकून की मुद्दाम,
नुसता पूर्णविराम.

मालक म्हणाले, झाकली मूठ राहू दे.
मालक फीनिक्सला राहतात.
तिथल्या उन्हात मूठ झाकायला काय जातं.

डिसेंबरात तिचाच फोन आला.
'डुएन, प्रश्न आहे एक.
पुलाच्या तोंडाशी सिग्नलला मी रोज अडकते
आणि तुमच्याकडे बघत बसते.
चार चाळीसला चौदाव्या मजल्यावर दिवे लागतात.
एकदम नाही.
डावीकडून उजवीकडे, एकेक खिडकी,
माणूस चालतो त्या वेगानं.
मग तेरावा. उजवीकडून डावीकडे.
कोण आहे तो?
गुडघा दुखतो का त्याचा?
नवव्या खिडकीशी रोज थांबतो.'

मला मजल्यागणिक चौरस फूट पाठ होते.
पार्किंगच्या जागा पाठ होत्या.
म्हणालो, यावर आम्हाला काही म्हणायचं नाही.
हे वाक्य मी लोकांना पैसे घेऊन शिकवतो.

दुसऱ्या दिवशी साडेचारला वर गेलो.
गालिच्यावर टेबलांच्या पायांचे चौकोनी वण,
भिंतीतून लोंबणाऱ्या कापलेल्या तारा,
कुणाच्या तरी वाढदिवसाची चिकटपट्टी, फुगा नसलेली.
न्हिया मुआ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला,
मला पाहून दचकला,
तरी बटणं दाबत राहिला. वेळ झाली होती.

नवव्या खिडकीशी थांबला.
गुडघा? नाही हो, गुडघा ठणठणीत आहे.
इथून तळ्याचा एवढासा तुकडा दिसतो, त्या दोन चिमण्यांमधून.
बर्फ धरला की रविवारी भोक पाडून
पर्च मासे धरायला बसतो. भावाबरोबर.
बोलायचं नाही, दोरी फार हलवायची नाही.
नवे लोक फार हलवतात.

मग त्यानं विचारलं,
हे दिवे कोणासाठी लावतो आपण?
मी घड्याळाकडे बघितलं.

त्या रात्री लिहिलं. गुरुवार होता, अकरा वाजून गेले होते.
रिकामे मजले अकरा.
दिवे लावणारा माणूस एक.
त्याचं नाव लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, कारण नाव नसलेलं ती वाचणार नाही,
पुन्हा खोडलं, कारण त्याला घर आहे.
शेवटी राहिलं तसंच, खालच्या ओळीत.
विशेषण एकही सापडलं नाही.
पाठवलं.

मग कपाला पुरेल एवढं खोकं
कुठे मिळेल याचा विचार करत बसलो.

दोन मिनिटांत उत्तर आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा
दोन मिनिटांत.
'नाव मी छापणार नाही.
बर्फ धरला का?'